कढईतली भट्टी आणि हाताच्या मजुरीचा हिशोब

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपला गट, आपलं बोलणं’ या सदरात दिवाळीआधी झालेल्या भाषणाचा मजकूर)

जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा. आज मापं सांगणार आहोत आणि आकडेही सांगणार आहोत.

आज बोलायचं आहे नानखटाईवर आणि बिस्किटांवर. दिवाळी तोंडावर आली आहे. दिवाळी झाली की दोन महिन्यांत नाताळ येतो. या दोन सणांच्या मधल्या काळात नागपूर शहरात भाजलेल्या गोड खाऊला जेवढी मागणी असते, तेवढी वर्षभरात कधी नसते. आम्ही बाया मोरभवनला एसटीतून उतरून सीताबर्डीच्या मेन रोडवर माल घेऊन जातो. नागपूरकर तिला नुसतं ‘बर्डी’च म्हणतात. त्या रस्त्यावर काय विकलं जातं, कोण घेतं, काय भाव विचारतं, हे आम्ही बघतो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

आधी नानखटाईची गोष्ट. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी, पाव. सुरतेला डच व्यापाऱ्यांसाठी पावाची भट्टी चालायची. डच गेल्यावर ती पारशी माणसाच्या हाती आली आणि तिथूनच नानखटाई पुढे पसरली, असं सांगतात. आपल्याकडे ती आली ती गावोगावच्या बेकरीच्या भट्टीतून. तुमच्यापैकी कितीतरी जणींना आठवत असेल. दिवाळीआधी मैदा, साखर, डालडा डब्यात भरून बेकरीत न्यायचा, रांगेत बसायचं, कारागीर मळून द्यायचा आणि रात्री उशिरा पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. अजूनही बऱ्याच ठिकाणी हे चालतं. बरेचदा भट्टी चालवणारे चाचा मुसलमान असतात, रांगेतल्या बाया हिंदू-बौद्ध असतात, आणि ईदला तीच नानखटाई चाचांच्या घरी होते. नाताळात नागपूरच्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये करंज्या, शंकरपाळे, चकल्या केकच्या शेजारी ताटात असतात. दिवाळीला आपल्याकडून ताट जातं, नाताळाला तिकडून येतं. तेव्हा हा पदार्थ कुणा एकाचा नाही, सणाचा आहे.

आता कृती. ओव्हन पाहिजेच असं नाही. जाड बुडाची मोठी कढई घ्या किंवा जुना गंज घ्या. तळाशी अर्धा इंच जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरा. त्यावर तिवई किंवा वाटी उपडी ठेवा. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. झाकणाच्या कडेने वाफ, वारा जायला नको. जडसं काही वर ठेवलं तरी चालेल. तेच मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं, मात्र स्वयंपाकात घेऊ नका. प्रेशर कुकरमध्ये करायचं म्हणत असाल तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढून ठेवा, हे विसरू नका. पण रोजच्या वापरातला चांगला कुकर कोरडा तापवू नये, त्याचं बूड बिघडतं. त्यापेक्षा कढई बरी.

मापं लिहा. मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव लहान चमचा, चिमूटभर मीठ, अर्धा लहान चमचा वेलचीपूड. एवढ्यात अर्धा किलोच्या आसपास नानखटाई होते, साधारण पंचवीस ते अठ्ठावीस नग.

तूप थिजलेलं पाहिजे. पातळ तूप घातलं की नानखटाई पसरते. तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने पंधरा मिनिटं फेटा. मिश्रण पांढरं, हलकं, लोण्यासारखं झालं पाहिजे. नानखटाईला खुसखुशीतपणा येतो तो याच फेटण्यातून, कारण तुपात हवा धरली जाते. मग मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर, मीठ एकत्र चाळून त्यात घाला. कणकेसारखं मळू नका. नुसतं गोळा करायचं. जास्त मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानखटाई कडक होते. गोळा चिरत असेल तर एक चमचा दूध लावा.

लिंबाएवढे गोळे करा, थोडे चपटे करा, मधे बोटाने खळगा करा आणि त्यात चारोळी दाबा. चारोळी आपल्या विदर्भाच्या जंगलातली. गडचिरोली, गोंदियाकडच्या बाया ती वेचून, फोडून आणतात. बाहेरगावचा बदाम-पिस्ता महाग वाटत असेल तर चारोळीसारखी सजावट नाही.

तूप लावलेल्या ताटलीत गोळे दोन बोटं अंतर सोडून ठेवा. ताटली कढईत ठेवून झाकण लावा, आच मंद करा. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. मधे सारखं झाकण उघडू नका, पहिली पंधरा मिनिटं तर नाहीच. वरून पांढरट-पिवळसर आणि खालून बदामी रंग आला की झालं. ओव्हन असेल त्यांनी १६० ते १७० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवावं. बाहेर काढल्यावर नानखटाई मऊच लागते. कच्ची राहिली असं समजून पुन्हा आत घालू नका. गार झाली की ती आपोआप कडक होते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही. कोमट भरली की डब्यात वाफ धरते, माल नरम पडतो आणि लवकर खराब होतो.

हे झालं दिवाळीचं. आता नाताळच्या सजवलेल्या बिस्किटांकडे वळू.

तिकडे थंड मुलखांत नाताळाला बिस्किटं भाजून त्यांच्यावर साखरेची नक्षी काढायची जुनी रीत आहे. स्कॉटलंडमध्ये नाताळ आणि नव्या वर्षाला शॉर्टब्रेड करतात. त्याचं माप सोपं आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. आपल्या नानखटाईशी ताडून बघा, चुलतबहिणीच आहेत दोघी. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ साली सुरू झालं. ज्या स्टीफन हिस्लॉप यांचं नाव त्याला आहे, ते स्कॉटलंडचेच. असे लांबचे धागे शहरात असतात. आज डिसेंबरात बर्डीवर आणि सदरला दुकानांतून कागदी तारे लटकायला लागले की सगळ्या धर्मांची लेकरं तारा, घंटा, झाड अशा आकाराची बिस्किटं मागतात. हे आपल्याला घरी करता येतं, आणि आपल्याच पिकातून करता येतं.

लिहा. कणीक १५० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, थिजलेलं तूप किंवा लोणी ११० ग्रॅम, चिमूटभर मीठ, किसलेली संत्र्याची साल एक लहान चमचा, लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ती एकटी घेतली की बिस्किट तुटतं. कणकेची सोबत दिली की ते धरून राहतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि तेव्हापासून शहरात ज्वारीच्या बिस्किटांना विचारणा वाढलेली आम्हाला दिसते. आपल्या घरात तर ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या आहे.

यात बेकिंग पावडर किंवा सोडा घालायचा नाही. बिस्किट फुललं की आकार मोडतो, ताऱ्याचं टोक गोल होतं. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास गारव्याला ठेवा. डिसेंबरच्या नागपुरी थंडीत फ्रिज नसला तरी चालतं, माठाजवळ ठेवा. मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून अर्धा सेंटीमीटर जाड लाटा. साचे भांड्यांच्या दुकानात मिळतात. नसतील तर जाड पुठ्ठ्यावर तारा काढून कापा, तो लाटीवर ठेवा आणि सुरीने कडेकडेने कापा. दिवाळीसाठी पणती आणि आकाशकंदील, नाताळासाठी तारा आणि घंटा. कढईत पंधरा ते अठरा मिनिटं पुरतात.

संत्र्याची साल का म्हणाल, तर आंबिया बहाराची संत्री नेमकी याच दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याच्या नावाने आपला मुलूख ओळखला जातो, ते आपल्या बिस्किटात असलंच पाहिजे. मात्र बागेत फवारणी झालेली असते. संत्रं मीठ घातलेल्या कोमट पाण्यात ठेवून चोळून धुवा, पुसा आणि फक्त वरचा केशरी भाग किसा. पांढरा भाग कडू लागतो.

आता सजावट. एक वाटी पिठीसाखर मलमलच्या कापडातून चाळून घ्या, म्हणजे कण राहणार नाही. त्यात एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर घाला. मग संत्र्याचा रस लहान चमच्याने, एकेक करत, घालत जा. साधारण तीन-चार चमचे पुरतात. घोटून घोटून ते दाट झालं पाहिजे, चमचा उचलल्यावर जाड धार पडली पाहिजे. या दाट साखरेने बिस्किटाची कड काढायची. मग त्यातच दोन-चार थेंब रस वाढवून पातळ करायचं आणि कडेच्या आत भरायचं. कड बांध घालते, आतलं पाणी बाहेर जात नाही. वावरातल्या बांधासारखंच. बटर पेपरचा शंकू करून त्याचं टोक कापलं की झाली पिचकारी. मेंदीचा कोन ज्या पोरींच्या हातात बसला आहे, त्यांना हे शिकवावं लागत नाही. विक्रीच्या मालात दूध न घालता रस किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, म्हणजे टिकतं. सजवलेली बिस्किटं जाळीखाली चार-पाच तास वाळू द्या. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

रंगाबद्दल जरा कान देऊन ऐका. बिटाच्या रसाने गुलाबी, चिमूटभर हळदीने पिवळा, पालकाच्या रसाने फिकट हिरवा रंग येतो. बिटाचा रंग आचेत मरतो, म्हणून तो भाजण्याच्या पिठात न घालता वरच्या साखरेतच घालावा. दुकानातला रंग घ्यायचा असेल तर पुडीवर खाण्याचा रंग असल्याचं आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक छापलेला बघा. आपल्या देशात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि तेही मोजून. कागदात बांधून सुटा मिळणारा भडक गुलाबी रंग बरेचदा ऱ्होडामाइन बी असतो, पिवळा मेटानिल यलो असतो. दोन्हींना खाण्यात बंदी आहे. दहा रुपयांच्या पुडीसाठी कुणाच्या लेकराच्या पोटात ते जायला नको.

कृती इथे संपली, पण खरी अडचण कढईत नाही, हिशोबात आहे. आता त्याच्याबद्दल.

बर्डीवरच्या एका दुकानदाराने आम्हाला विचारलं, “ताई, किलोमागे चारशे रुपये देतो. डालड्यात करून द्या. डब्यावर ‘शुद्ध तुपातली’ लिहा. सगळेच लिहितात.” दिवाळीची मोठी ऑर्डर होती. गटात दोन बैठका झाल्या. काही जणी म्हणाल्या, पोरांची फी भरायची आहे, घेऊन टाका. काही म्हणाल्या, आपल्याच नावाचा कागद आहे तो, दुकानदाराचा नाही. दोन्ही बाजूंची निकड खरी होती. कुणी कुणाला वाईट म्हटलं नाही. शेवटी आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. तोच तुम्हाला सांगतो. भाव तुमच्या गावचे तुम्ही घाला, हे आकडे समजण्यापुरते.

एक किलो तुपातली नानखटाई. मैदा २० रुपये, बेसन १२, रवा ३, साखर १४, तूप २१०, वेलची आणि चारोळी ४०. झाले २९९, धरा ३००. गॅस २५. डबा आणि लेबल ३०. एसटीच्या भाड्याचा वाटा १५. एकूण ३७०. आता चारशे रुपये मिळाले तर हातात उरले किती? तीस. आणि एक किलो करायला दोन कढया चालवूनही एका बाईचे दोन तास जातात. म्हणजे तासाला पंधरा रुपये. कापूस वेचायला गेलं तरी आपण एवढ्यावर जाणार नाही.

डालड्यात केलं तर तुपाचे पैसे वाचतात, हे खरं. पण मग डब्यावर ‘तुपातली’ लिहिणं हे खोटं आहे, आणि कायद्यानेही गुन्हा आहे. पकडलं तर नोंदणी आपल्या गटाची जाते, दुकानाची नाही. वनस्पती तुपाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. तेलाला घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होऊ शकते. ती हृदयाला वाईट. म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. सुट्या, बिननावाच्या वनस्पतीत ती पाळली आहे की नाही, हे आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. वापरायचंच असेल तर पॅकबंद घ्या, पाकिटावरचा मजकूर वाचा आणि आपल्या लेबलवर ‘वनस्पती’ असंच लिहा.

आता पुढचा हिशोब. ३७० मध्ये मजुरी मिळवा: दोन तास, तासाला ६० प्रमाणे १२०. झाले ४९०. तुटफूट २५. झाले ५१५. गटाच्या खात्यात ५०. झाले ५६५. ही आपली खरी किंमत. याच्या खाली विकलं तर आपण आपल्या खिशातून गिऱ्हाईकाला दिवाळी देतो.

दुकानातून विकायचं तर दुकानदार शंभरातले वीस घेतो असं समजा. इथे बऱ्याच गटांची गफलत होते. ५६५ चे वीस टक्के म्हणजे ११३ त्यात मिळवून ६७८ किंमत लावली जाते. पण दुकानदार वीस टक्के घेतो ते ६७८ वर. त्याचे झाले १३५ रुपये साठ पैसे. आपल्या हाती ५४२. म्हणजे तेवीस रुपयांचा खड्डा, आणि तो मजुरीतूनच भरला जातो. बरोबर रीत अशी: ५६५ ला ८० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर येतं ७०६. छापील किंमत तीच.

आम्ही त्या दुकानदाराला सांगितलं की दोन प्रकारचा माल देतो. एक तुपातला, एक वनस्पतीतला, दोघांवर खरं नाव आणि दोघांची वेगळी किंमत. त्याने ऑर्डर घेतली नाही. ती दिवाळी आम्हाला जड गेली, हे लपवत नाही. मग आम्ही पाव किलोचे छोटे डबे केले आणि ओळखीच्या घरांतून, शाळेच्या शिक्षकांकडून, बँकेतल्या लोकांकडून आधीच पैसे घेऊन ऑर्डर लिहायला लागलो. पाव किलोची किंमत गिऱ्हाईकाला झेपते आणि मधला माणूस नसला की आपल्याला ५६५ चा भाव पुरतो. माल कमी गेला, पण प्रत्येक बाईच्या हातात तासाचे साठ रुपये पडले. ज्या बायांनी घेतला, त्यांनीच नाताळात पुन्हा विचारलं.

विक्री करायची तर चार गोष्टी करून ठेवा. एक, अन्न सुरक्षा नोंदणी. छोट्या उत्पादकांना मोठ्या परवान्याची गरज नसते, साधी नोंदणी पुरते. तिची फी वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. मदत लागली तर उमेद अभियानाच्या किंवा माविमच्या ताईंना विचारा. दोन, लेबल. पदार्थाचं नाव, घटक जास्त ते कमी या क्रमाने, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, गटाचं नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण. तीन, वजनकाटा. वाटी घरापुरती ठीक, विक्रीला काटाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक घाण्याची चव वेगळी येते. चार, प्रत्येक घाण्यातले दोन नग तारीख लिहून डब्यात बाजूला ठेवा आणि पाचव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशी चाखा. आपला माल किती दिवस टिकतो हे त्यातूनच कळतं. दुसऱ्याच्या डब्यावरची तारीख उतरवून घेऊ नका.

आणखी एक सांगायचं आहे. दिवाळीच्या आठवड्यात घरचा फराळ, सारवण-रंगरंगोटी, वावरातला कापूस आणि वरून ऑर्डर, हे सगळं एका बाईच्या अंगावर येतं. रात्री दोनपर्यंत कढईपाशी बसून पहाटे पाचला उठणं ही कौतुकाची गोष्ट नाही. गटात पाळ्या लावा. एकीने फेटायचं, एकीने भाजायचं, एकीने भरायचं, आणि वहीत प्रत्येकीचे तास लिहायचे. जिचं नाव वहीत नाही तिचे पैसेही कुणाला आठवत नाहीत. नवऱ्याला, पोरांना डबे पुसायला, लेबल चिकटवायला बसवा. खातात सगळेच.

या आठवड्यासाठी एवढंच काम करा. बैठकीत अर्धा किलोचा एक घाणा करा. सुरुवातीला घड्याळ लावा, शेवटी बघा. लागलेला वेळ आणि सामानाचा खर्च फळ्यावर लिहा, आणि मगच भाव ठरवा. ऑर्डर त्यानंतर घ्या.

चांगली नानखटाई होवो, आणि तुमच्या हाताला तिचा पुरा दाम मिळो. दिवाळीच्या तुम्हाला शुभेच्छा, आणि नाताळाच्या आत्तापासूनच. नमस्कार.